चलनापासून निकालापर्यंत : वाहतूक खटल्यातील शब्दांची ओळख



गळिताचा हंगाम तोंडावर आला की आपल्याकडे एकच धांदल उडते. तोडणी-वाहतुकीचे करार होतात, टोळ्यांना उचल दिली जाते, ट्रॅक्टर मेस्त्रीकडे जातो, ट्रेलरचे पाटे नि टायर बदलले जातात. वाहनाच्या कागदांची पिशवी मात्र खुंटीला लटकलेली असते ती तशीच. तिची आठवण होते ती रस्त्यावर पोलिसाने हात केल्यावर.

या पानावर आपण लागण, खोडवा, पाचट, माती परीक्षण असे पुष्कळ पाठ वाचले. या वेळचा पाठ निराळा आहे. वाहतुकीच्या खटल्यात जे शब्द कानावर पडतात, त्यांचा अर्थ काय आणि तो शब्द ऐकला की आपण काय करायचे, एवढाच या पाठाचा विषय.

निमित्त काय घडले

गेल्या हंगामातली गोष्ट. आपले एक सभासद, मंद्रूपच्या बाजूचे. शेती गावाकडे, पण मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड जुळे सोलापुरात. आपल्यापैकी कितीतरी जणांचे हेच आहे. जानेवारीत रात्री उसाचा ट्रेलर घेऊन येताना विजापूर रस्त्यावर आक्सल मोडला. गडी माणूस बरोबर होता. दोघांनी चाकाला दगड लावले, मागे वाढ्याच्या पेंढ्या टाकल्या, बॅटरी दाखवत उभे राहिले. तरी एक मोटारसायकल मागून येऊन धडकली. तिला दिवा नव्हता, असे आपल्या सभासदांचे म्हणणे. चालवणाऱ्याचा पाय मोडला. सभासदांनी स्वतः त्याला दवाखान्यात पोचवले. पोलिसांनी पंचनामा केला, जबाब घेतला. "झालं, संपलं," असे समजून ते कामाला लागले.

संपले नव्हते. उन्हाळ्यात समन्स निघाले ते गावच्या पत्त्यावर. घरी म्हातारी आई. तिने अंगठा दिला आणि कागद देवळीत ठेवून दिला. तारीख निघून गेली. आषाढात एके दिवशी सकाळीच जुळे सोलापुरातल्या दारात पोलीस उभा, हातात वॉरंट. शेजारपाजार बघतोय. सभासद घाबरून कोर्टात गेले. कुणीतरी कानात सांगितले, "कबूल म्हणा, दंड भरा नि मोकळे व्हा." ते कबूल म्हणाले, दंड भरला, पावती खिशात घालून घरी आले.

गौरी-गणपतीच्या सुमारास दुसरा कागद आला. तो होता नुकसानभरपाईच्या दाव्याचा. त्यात त्यांच्याच कबुलीची नक्कल जोडलेली होती. वाढ्याच्या पेंढ्या, बॅटरी, समोरच्याचा नसलेला दिवा, यांतले काहीच कोर्टापुढे आले नव्हते. कारण कबूल म्हटल्यावर कुणी विचारतच नाही.

त्यांच्या संमतीने, नाव न घालता ही हकीगत छापली आहे. "मला दंडाचं दुःख नाही. शब्दच कळला नाही, याचं आहे," असे ते आम्हाला म्हणाले. म्हणून हा पाठ.

हे शब्द परके का वाटतात

कोर्टाची भाषा तीन ठिकाणांहून आली. वकील, जामीन, मुचलका, फिर्याद हे शब्द फारसी अमदानीतले. समन्स, वॉरंट ही इंग्रजी राजवटीच्या कचेऱ्यांची देणगी. आणि दोषसिद्धी, न्यायदंडाधिकारी हे अलीकडचे संस्कृत वळणाचे. तिन्ही एका कागदावर आले की शिकलेला माणूससुद्धा गोंधळतो. पण १९९८ पासून आपल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरलेली आहे. तेव्हा "साहेब, मला समजले नाही, मराठीत सांगा," असे म्हणायला संकोच करू नये. न समजता मान डोलावणे, हीच सर्वांत महाग चूक आहे.

आता कागद ज्या क्रमाने आपल्याकडे येतो, त्याच क्रमाने शब्द घेऊ.

१. चलन

चलन म्हणजे तुमच्याविरुद्ध अमुक नियम मोडल्याची नोंद. चलन म्हणजे शिक्षा नव्हे. तो आरोप आहे. पूर्वी पोलीस पुस्तकातून पावती फाडून देत. आता ते यंत्रावर निघते आणि वाहनाच्या नोंदणीत जो मोबाईल क्रमांक असेल त्यावर संदेश येतो. नंबर जुना असेल तर संदेशही जुन्या नंबरावर जातो. चलनाच्या नावाने खोटे संदेशही फिरतात. संदेशातून आलेली फाईल किंवा ॲप उघडू नये. वाहनाचा क्रमांक घालून सरकारी संकेतस्थळावर खात्री करावी.

कागद जवळ नसल्याचे चलन असेल तर एक गोष्ट ठाऊक असावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ प्रमाणे कागद फोनमध्ये सरकारी ॲपवर दाखवले तरी चालतात आणि त्या वेळी जवळ नसल्यास १५ दिवसांत हजर करता येतात. कागद मुळातच नसणे आणि कागद घरी राहणे, यांत फरक आहे.

२. तडजोड

वाहतुकीच्या बाबतीत तडजोड म्हणजे दोन पक्षांचा समेट नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २०० प्रमाणे काही ठराविक गुन्ह्यांत सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठराविक रक्कम भरली की प्रकरण तिथेच मिटते, खटला चालत नाही. या रकमेला तडजोड शुल्क म्हणतात. आपण रस्त्यावर 'दंड' म्हणून भरतो तो बहुधा हाच. २०१९ साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले. महाराष्ट्राने तडजोडीच्या नव्या रकमा डिसेंबर २०२१ मध्ये लागू केल्या.

सगळ्याच गुन्ह्यांत तडजोड होत नाही. दारू पिऊन वाहन चालवणे (कलम १८५) हे प्रकरण कोर्टातच जाते. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिले तर कलम १९९-अ खाली पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. "पोरगं बांधापासून काट्यापर्यंतच तर नेतंय," हे उत्तर कोर्टात चालत नाही.

आपल्या धंद्याशी थेट संबंध आहे तो कलम १९४ चा. परवानगीपेक्षा जास्त माल भरला तर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. म्हणजे ३ टन जादा निघाला तर २६,००० रुपये. ऊस बाजूला, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर आला तरी २०,००० रुपये. आणि जादा माल उतरवल्याशिवाय वाहन हलवता येत नाही. उतरवण्याचा खर्चही आपलाच. रस्त्याकडेला उतरवलेला ऊस वाळतो, वजन घटते, ते वेगळेच.

३. समन्स

चलनाची रक्कम भरली नाही किंवा प्रकरण तडजोडीचे नसले, तर ते न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाते आणि समन्स निघते. समन्स म्हणजे अमुक तारखेला हजर राहा असा न्यायालयाचा हुकूम. ते सरकारी पत्र नव्हे, की सवडीने वाचू.

ते कुणी घेतले म्हणजे 'बजावले' असे होते? आपण घरी नसलो तर ते आपल्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे देता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (१९७३) 'प्रौढ पुरुष' असे शब्द होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि 'पुरुष' हा शब्द गेला. आता आईने, पत्नीने, मोठ्या मुलीने घेतलेले समन्सही बजावलेच समजले जाते. नोकर मात्र कुटुंबातील धरला जात नाही. आमच्या सभासदांचे समन्स आईने घेतले, तिथेच ते बजावलेले धरले गेले. म्हणून हा लेख घरातल्या बायामाणसांनाही वाचून दाखवावा.

समन्सवर आणखी एक उपयोगी मजकूर असतो. कलम २०८ प्रमाणे, कैदेची शिक्षा नसलेल्या सर्वसाधारण वाहतूक गुन्ह्यांत, वकिलामार्फत हजर होता येईल किंवा अमुक तारखेपूर्वी गुन्हा कबूल करून नमूद रक्कम पाठवता येईल, असे समन्सवर लिहावे लागते. कायद्यात यासाठी मनिऑर्डरची सोय लिहिली आहे. कबुलीही मनिऑर्डरच्या कुपनावरच लिहायची! आता हेच काम आभासी न्यायालयातून होते. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल येथे वाहतूक चलनांसाठी असे न्यायालय सुरू झाले. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. त्यात पडद्यावर दोनच वाटा असतात : दंड भरा, नाहीतर लढवायचे आहे असे सांगा. लढवायचे म्हटले की प्रकरण आपल्या हद्दीच्या नेहमीच्या न्यायालयात येते.

४. वॉरंट, जामीन आणि जातमुचलका

समन्स बजावूनही माणूस आला नाही की वॉरंट निघते, म्हणजे पकडून आणण्याचा हुकूम. जामीनपात्र वॉरंटावरच लिहिलेले असते की एवढ्या रकमेची हमी दिल्यास सोडावे. अजामीनपात्र वॉरंटात ती मुभा पोलिसाला नसते. न्यायालयापुढेच उभे राहावे लागते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. "गुन्हा जामीनपात्र आहे, मग भ्यायचं काय?" असे म्हणून लोक तारखा चुकवतात. गुन्हा जामीनपात्र असला तरी सतत गैरहजर राहिल्यास अजामीनपात्र वॉरंट निघू शकते. आणि वॉरंट शिळे होत नाही; न्यायालय रद्द करीपर्यंत किंवा बजावले जाईपर्यंत ते जिवंत असते. वॉरंट निघाल्याचे कळले तर लपू नये. वकिलासह स्वतः हजर होऊन ते रद्द करण्याचा अर्ज द्यावा.

जातमुचलका म्हणजे "मी तारखेला येईन, न आल्यास एवढी रक्कम भरीन," असे स्वतःचे लेखी वचन. जामीन म्हणजे तीच हमी दुसऱ्याने घेणे. वाहतूक करारात आपण जामीनदार देतो, तसेच हे. जामीनदार आपला सातबारा दाखवतो. आपण पळालो तर पैसे त्याच्याकडून वसूल होतात. म्हणून कुणाला जामीन राहताना माणूस ओळखून राहावे.

हंगामात तारखेला जाणे शक्य नसेल तर 'हजेरी माफीचा अर्ज' वकिलामार्फत आधी द्यावा. हा दोन ओळींचा कागद वॉरंट टाळतो.

५. कबूल आणि नाकबूल

आता या पाठातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द. न्यायालयात आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे काय?" कबूल म्हटले की न्यायाधीश आपलेच शब्द लिहून घेतात आणि त्यावर दोषी ठरवू शकतात. साक्षीदार येत नाहीत, पंचनामा तपासला जात नाही. पुढे वरच्या न्यायालयात जायचे म्हटले तर शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे, एवढेच भांडता येते. "मी दोषीच नव्हतो," हे सांगण्याचे दार बंद होते.

तडजोड आणि कबुली यांत फरक आहे तो हाच. दोन्हीकडे पैसे भरावे लागतात, दोन्हीकडे पावती मिळते. पण तडजोडीत प्रकरण मिटते. कबुलीत आपण दोषी ठरतो. ती दोषसिद्धी पुढे लायसनच्या निलंबनात, दुसऱ्या गुन्ह्याच्या वाढीव शिक्षेत आणि अपघात असेल तर भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून समोर येऊ शकते.

मग कबूल कधीच करू नये का? तसे नाही. साधे प्रकरण आहे, चूक खरोखर झाली आहे, कुणाला इजा नाही. तर कबूल करून मोकळे होणे शहाणपणाचे. चार तारखांना सोलापूरला खेपा घालण्यापेक्षा ते परवडते. पण अपघात झाला आहे, माणूस जखमी आहे, किंवा चूक आपली नाही असे वाटते, तर वकिलाला विचारल्याशिवाय 'कबूल' हा शब्द तोंडातून काढू नये. नाकबूल म्हणणे हा न्यायालयाचा अपमान नव्हे. तो आपला हक्क आहे.

६. मुद्देमाल आणि ताबा

अपघातात किंवा नोंदणीचे कागद नसल्यास वाहन अडकवून ठेवले जाते. खटल्यात पुरावा म्हणून ठेवलेली वस्तू म्हणजे मुद्देमाल. ट्रॅक्टर ठाण्याच्या आवारात गंजत ठेवायलाच हवा असे नाही. मालकाने न्यायालयात अर्ज करून बंधपत्रावर ताबा मागावा. अशी वाहने पोलीस ठाण्यात दीर्घकाळ ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितले आहे. अर्जासोबत नोंदणीचे पुस्तक, विमा आणि मालकाची ओळख लागते. ट्रेलरची नोंदणी व विमाही पाहून ठेवावा.

७. मालक कोण?

कायद्यात मालक म्हणजे नोंदणीवर ज्याचे नाव आहे तो. ट्रॅक्टर विकला, पैसे घेतले, पण नमुना २९ व ३० भरून नाव बदलले नाही, तर पुढच्या अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार प्रकरणात हेच ठरवले. तसेच पत्ता बदलल्यास ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, असे कलम ४९ सांगते. गाव सोडून जुळे सोलापुरात राहायला आलेल्यांपैकी किती जणांनी हे केले असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

वाहन दुसऱ्याने चालवले असेल तर पोलिसांनी विचारल्यावर चालकाचे नाव-पत्ता व लायसनची माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे (कलम १३३). म्हणून हंगामात चालक बदलला की तारीखवार नाव वहीत लिहून ठेवावे.

८. मुदत

केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा खटला ६ महिन्यांत आणि एक वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्याचा एक वर्षात गुदरावा लागतो. भरधाव किंवा धोकादायक वाहन चालवल्याचा आरोप असेल तर जागीच समज, किंवा १४ दिवसांत नोटीस, किंवा २८ दिवसांत समन्स, यांपैकी काहीतरी झालेले असावे लागते (कलम २०९). याला अपवाद आहेत. पण जुने चलन पुढे आले तर वकिलाला तारीख दाखवून हे जरूर विचारावे. अपघातग्रस्तांसाठीही मुदत आहे : भरपाईचा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांत करावा लागतो. आपल्याच माणसाला कुणी धडक दिली असेल तर हे विसरू नये.

९. लोकअदालत

इथे खटला लढवला जात नाही, मिटवला जातो. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ज्या गुन्ह्यात तडजोड होऊ शकते तेच इथे घेतात. इथे दंड हमखास निम्मा होतो, ही समजूत मात्र धरून बसू नये. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतील व्यक्ती आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळतो. फोन क्रमांक १५१००.

उजळणी

हंगामाआधी सभासदांनी एवढे करावे :

(अ) नोंदणीवरील पत्ता आणि मोबाईल क्रमांक तपासावा, बदलला असल्यास दुरुस्त करून घ्यावा.
(आ) ट्रॅक्टर व ट्रेलर दोन्हींचा विमा, चालकाचे लायसन आणि त्यांच्या मुदती वहीत लिहाव्यात.
(इ) ट्रेलरच्या मागे चमकपट्ट्या आणि लाल कापड लावावे. रात्री वाहन बंद पडल्यास पुढे-मागे खूण करावी आणि त्याचे फोटो काढून ठेवावेत.
(ई) कोर्टात जे सांगितले त्याची नक्कल आणि भरलेल्या रकमेची पावती जपावी. पावतीवर तडजोड लिहिले आहे की दंड, ते वाचावे.

आणि स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : माझ्या नावावरचे प्रत्येक वाहन आज कुणाकडे आहे? माझ्या गावच्या घरी सरकारी कागद आला तर तो कोण घेईल? आणि तो माझ्यापर्यंत त्याच दिवशी कसा पोचेल?

आमच्या त्या सभासदांचा दावा अजून चालू आहे. वाढ्याच्या पेंढ्या कुणी पाहिल्या होत्या, ते गडी माणसाच्या साक्षीतून आता सिद्ध करायचे आहे. म्हातारीचा यात काही दोष नाही. तिला कुणी सांगितलेच नव्हते. परवा ते भेटले तेव्हा म्हणाले, आईला आता एवढेच शिकवले आहे की शिक्क्याचा कागद आला की देवळीत ठेवायचा नाही. शेजारच्या पोराला बोलवायचे आणि फोन लावायचा. आपल्याही घरी एवढे सांगून ठेवावे, ही विनंती.



— संपादक मंडळ